शिबिरानंतरचे मैदान : जालना जिल्ह्यातील सेवा क्लब आणि दिव्यांग मुलांचा खेळ

अपंगत्व असलेल्या मुलांसाठी समाजाने काय करावे, याचा विचार सुरू झाला की उपचार, साधने, शिक्षण आणि रोजगार असा एक क्रम ठरून गेल्यासारखा पुढे येतो. खेळ, सहल, गाणे-बजावणे किंवा सवंगड्यांबरोबरची मोकळी संध्याकाळ या गोष्टी त्या क्रमाच्या अगदी शेवटी, उरलेल्या पैशातून आणि उरलेल्या वेळात करावयाच्या म्हणून राहून जातात. कायद्याने मात्र हा क्रम मान्य केलेला नाही. संयुक्त राष्ट्रांनी २००६ मध्ये स्वीकारलेल्या आणि भारताने २००७ मध्ये मान्यता दिलेल्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारात तिसावे कलम केवळ सांस्कृतिक जीवन, करमणूक, फुरसत आणि खेळ यांसाठी दिलेले आहे, आणि त्यात अपंग मुलांना इतर मुलांच्या बरोबरीने खेळता आले पाहिजे असे स्वतंत्रपणे नमूद केले आहे. या कराराला अनुसरून झालेल्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात कलम २९ संस्कृती व करमणूक यांविषयी, तर कलम ३० क्रीडाविषयक आहे. कलम २९ मध्ये स्काउटिंग, नृत्य, चित्रकलेचे वर्ग, मैदानी शिबिरे आणि साहसी उपक्रम यांत दिव्यांगांना सहभागी होता यावे अशी सोय करण्याचे कर्तव्य शासनावर टाकलेले आहे. कायद्याच्या कोरड्या भाषेत नृत्य आणि साहस हे शब्द क्वचितच येतात, आणि ज्या वाचकाने हा अधिनियम केवळ आरक्षण व प्रमाणपत्र यांपुरता वाचला असेल त्याची नजर या कलमावरून सहज घसरते.

कायदा कर्तव्य सांगतो, पण संध्याकाळी मैदानावर चेंडू घेऊन कोण उभे राहणार, हे तो सांगत नाही. महानगरांत त्यासाठी खास संस्था, प्रशिक्षक आणि पालकांचे गट असतात; जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावी ही जागा बहुधा रोटरी, लायन्स, जेसीज, इनरव्हील यांसारख्या सेवा क्लबांकडे येते, कारण सभासदांची वर्गणी, गावात ओळख आणि थोडी तरी सवड या तिन्ही गोष्टी एकत्र असणाऱ्या संघटना अशा गावांत फार नसतात. मराठवाड्यातील जालना जिल्हा हा या दृष्टीने अभ्यासण्यासारखा प्रदेश आहे.

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी स्वतंत्रपणे अस्तित्वात आला. संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष म्हणून जाहीर केलेले वर्षही तेच, हा केवळ योगायोग. औरंगाबाद जिल्ह्यातील जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद आणि परभणी जिल्ह्यातील परतूर हे तालुके एकत्र करून झालेल्या या जिल्ह्यात पुढे बदनापूर, घनसावंगी आणि मंठा यांची भर पडून आज आठ तालुके आहेत, आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या साडेएकोणीस लाखांच्या थोडी वर होती. ‘जालना सोने का पालना’ ही जुनी म्हण ज्या व्यापारी वैभवामुळे रूढ झाली, त्याची परंपरा आज पोलाद कारखाने, बियाणे कंपन्या आणि मोसंबीची बाजारपेठ यांच्या रूपाने चालू आहे. परंतु याच जिल्ह्याच्या मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड या भागांतील हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी घराबाहेर पडतात. एकाच जिल्ह्यात देणारा वर्गही आहे आणि सहा महिने गावात नसणारा वर्गही आहे.

या शहरातील दातृत्वाला केवळ वर्गणीपुरते मर्यादित मानणे अन्यायाचे होईल. १९६४ मध्ये महिको ही बियाणे कंपनी स्थापन करणारे आणि १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळविणारे बद्रीनारायण बारवाले यांच्या पुढाकाराने जालन्यात श्री गणपती नेत्रालय उभे राहिले, आणि आसपासच्या जिल्ह्यांतील गरीब रुग्णांनाही मोठ्या शहरात न जाता डोळ्यांवरचे उपचार मिळू लागले. पुढे निजामकालीन घाणेवाडी तलावातील गाळ काढण्यासाठी शहरातील नागरिक आणि उद्योजक एकत्र आले, तेव्हा सरकारची वाट न पाहता वर्षानुवर्षे एखादे काम चालवता येते, हेही या शहराने दाखवून दिले. पुढील विवेचनात ही ‘वर्षानुवर्षे’ची गोष्ट महत्त्वाची ठरते.

सेवा क्लब म्हणजे निरनिराळ्या व्यवसायांतील व्यक्तींनी ठरावीक वारी एकत्र जमून, आपसांत स्नेह वाढवून, वर्गणीतून आणि देणग्यांतून समाजोपयोगी कामे करण्यासाठी स्थापन केलेले मंडळ. पॉल हॅरिस या वकिलाने २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोत सुरू केलेल्या रोटरीचा हेतू आरंभी सभासदांची परस्पर ओळख आणि व्यवसायवृद्धी एवढाच होता. सार्वजनिक सेवेचे अंग तिला दोन वर्षांनी, शिकागोत सार्वजनिक स्वच्छतागृह बांधण्याच्या मोहिमेपासून लाभले. लायन्सची स्थापना मेल्विन जोन्स यांनी १९१७ मध्ये त्याच शहरात केली. भारतात रोटरी १९२० च्या सुमारास कोलकात्यात आणि १९२९ मध्ये मुंबईत आली, लायन्स १९५६ मध्ये मुंबईत आली, आणि स्वातंत्र्योत्तर काळात जिल्ह्याच्या गावांतील डॉक्टर, वकील, अडत व्यापारी, अभियंते व प्राध्यापक यांच्यामार्फत या दोन्ही संघटना मराठवाड्यापर्यंत पोहोचल्या. जालन्यातील रोटरी क्लब आज रोटरीच्या ३१३२ क्रमांकाच्या प्रांतात मोडतात, ज्यात मराठवाड्याबरोबर सोलापूर, अहिल्यानगर, सातारा हे जिल्हेही येतात. ‘प्रांत’ हा या संघटनांचा प्रशासकीय घटक असून त्याच्या प्रमुखाला प्रांतपाल म्हणतात.

अपंगत्व या विषयाशी दोन्ही संघटनांचे नाते जुने आहे आणि ते एकाच प्रकारचे नाही. अमेरिकेतील ओहायो राज्यात एडगर ॲलन या व्यावसायिकाचा मुलगा १९०७ मध्ये ट्रामच्या अपघातात दगावला, त्यानंतर ॲलन यांनी प्रथम रुग्णालय उभारले आणि मग रोटरी क्लबांच्या पाठबळावर १९१९ मध्ये अपंग मुलांसाठी राष्ट्रीय पातळीवरची संस्था स्थापन केली. लायन्सच्या बाबतीत हेलन केलर यांनी ३० जून १९२५ रोजी सीडर पॉइंट येथील अधिवेशनात केलेले आवाहन निर्णायक ठरले. त्यानंतर दृष्टिहीनांसाठीचे काम ही लायन्सची ओळखच बनली, आणि १९३० मध्ये पिओरिया या गावातील एका लायन्स सभासदाने पांढऱ्या काठीचा पुरस्कार केल्यावर रस्ता ओलांडणाऱ्या अंध व्यक्तीला वाट देण्याचा नियमही तिथल्या नगरपालिकेने केला. रोटरीचा ओढा अशा रीतीने हातापायांच्या अपंगत्वाकडे आणि लायन्सचा डोळ्यांकडे राहिला. भारतातील छोट्या गावांत आजही लायन्स म्हटले की मोतीबिंदू शिबिर आणि रोटरी म्हटले की पोलिओ डोस आठवतो, त्याची मुळे इतकी मागे जातात.

या सर्व कार्याची जी कार्यपद्धती भारतात रुजली तिला एका शब्दात ‘शिबिर’ म्हणता येईल. गावोगावी ध्वनिक्षेपकाने किंवा आशा कार्यकर्तींमार्फत निरोप जातो; पहिल्या दिवशी तपासणी आणि मोजमाप होते, म्हणजे कोणाला कोणत्या मापाचा कॅलिपर, कुबडी, श्रवणयंत्र किंवा कृत्रिम पाय लागेल याची नोंद होते; काही आठवड्यांनी साहित्य तयार होऊन येते आणि पाहुण्यांच्या हस्ते वाटप होते. कानपूर येथे १९७२ मध्ये स्थापन झालेला, कृत्रिम अवयव व साधने तयार करणारा केंद्र सरकारचा कारखाना, ती साधने मोफत किंवा सवलतीत देणारी १९८१ ची केंद्रीय योजना, आणि १९७५ पासून जयपूर फूट देशभर पोहोचविणारी जयपूरची संस्था या सर्वांच्या कामाला जिल्ह्यात जागा, मंडप, जेवण आणि स्वयंसेवक पुरविण्याची जबाबदारी पुष्कळदा स्थानिक क्लबांनी उचलली. ज्या माणसाला हातांवर सरपटत बसथांब्यापर्यंत यावे लागत होते त्याला तीनचाकी सायकल मिळणे ही लहान गोष्ट नाही, आणि वाटपाच्या छायाचित्रांची थट्टा करणाऱ्यांनी या पद्धतीचे एवढे श्रेय तरी मान्य करावयास हवे.

अडचण वेगळ्याच ठिकाणी आहे. शिबिराची पद्धत ज्या अपंगत्वासाठी घडली ते प्रामुख्याने पोलिओचे होते. पोलिओ झालेल्या मुलाची बुद्धी, दृष्टी, श्रवण आणि वाचा शाबूत असते. त्याचा पाय अथवा हात अशक्त होतो, आणि योग्य शस्त्रक्रिया, योग्य कॅलिपर व शाळा मिळाली की पुढचे आयुष्य तो बऱ्याच अंशी स्वतः उभारतो. रोटरीने १९८५ मध्ये जागतिक पोलिओ निर्मूलनाची मोहीम हाती घेतली, भारतात १९९५ पासून पल्स पोलिओ सुरू झाले, १३ जानेवारी २०११ रोजी हावडा येथे देशातील अखेरचा रुग्ण नोंदला गेला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणित झाले. ज्या रोगासाठी ही पद्धत घडली तो रोगच क्लबांनी हातभार लावून संपविला. आज विशेष शाळांत दाखल होणाऱ्या मुलांमध्ये सेरेब्रल पाल्सी म्हणजे जन्माच्या आगेमागे मेंदूला झालेल्या इजेमुळे शरीराच्या हालचालींवर ताबा न राहणे, बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता आणि एकाच वेळी अनेक अपंगत्वे यांचे प्रमाण ठळक आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या कायद्यात ते २१ झाले, आणि वाढलेल्या प्रकारांपैकी पुष्कळांवर वाटण्यासारखी वस्तूच नाही. स्वमग्न मुलाला सायकल देऊन काय साधणार? त्याला लागतात ओळखीचे चेहरे, ठरलेली वेळ, ठरलेली जागा आणि घाई नसलेला सवंगडी. शिबिर यांपैकी एकही गोष्ट देऊ शकत नाही, आणि नियमित खेळ यांपैकी प्रत्येक देऊ शकतो.

अपंग मुलांच्या खेळाविषयी सामान्य वाचकाच्या मनात दोनच चित्रे असतात, चाकाच्या खुर्चीतील शर्यत आणि वार्षिक संमेलनातील लिंबू-चमचा. वस्तुतः गेल्या ७०-८० वर्षांत या क्षेत्राने स्वतःचे एक शास्त्र उभे केले आहे. दुसऱ्या महायुद्धात मणक्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी लुडविग गुटमन या डॉक्टरांनी १९४८ मध्ये इंग्लंडमधील स्टोक मँडेविल रुग्णालयात घेतलेल्या स्पर्धांतून १९६० ची रोम पॅरालिम्पिक स्पर्धा निघाली. बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींसाठी युनिस केनेडी श्रायव्हर यांनी १९६८ मध्ये शिकागोत स्पेशल ऑलिम्पिक्सचा आरंभ केला. त्यातील दोन कल्पना शाळेच्या मैदानावरही उपयोगी पडण्यासारख्या आहेत. पहिली गटवारीची: खेळाडूंचे गट केवळ वयावर आणि मुलगा-मुलगी या भेदावर न करता प्रत्यक्ष क्षमतेवर करावयाचे, म्हणजे ५० मीटर अंतर एका मिनिटात चालणारा मुलगा आपल्यासारख्यांबरोबरच चालतो आणि त्याला जिंकण्याची खरी संधी मिळते. दुसरी एकत्रित संघाची: एकाच संघात बौद्धिक अक्षमता असलेले आणि नसलेले खेळाडू मिसळावयाचे. लायन्स आणि स्पेशल ऑलिम्पिक्स यांच्यात खेळाडूंच्या नेत्रतपासणीसाठी २००१ पासून जागतिक पातळीवर सहकार्य आहे. तिथेही नाते डोळ्यांपासूनच सुरू झाले, ही गमतीची बाब.

इतर खेळांची सामग्रीही फारशी खर्चिक नाही. अंधांच्या क्रिकेटमध्ये प्लास्टिकच्या चेंडूत धातूच्या गोळ्या भरलेल्या असतात, गोलंदाजी खालून केली जाते आणि चेंडू घरंगळत, खुळखुळत फलंदाजाकडे येतो. संघात पूर्ण अंध, अंशतः अंध आणि अल्पदृष्टी असे तिन्ही प्रकारचे खेळाडू ठरावीक संख्येने असावे लागतात आणि पूर्ण अंध फलंदाजाच्या धावा दुप्पट मोजल्या जातात. अंधांच्या बुद्धिबळाच्या पटावर काळी घरे उंच व पांढरी खोल असतात, मोहऱ्यांना खुंट्या असतात आणि काळ्या मोहऱ्यांच्या डोक्यावर छोटी खूण असते, जेणेकरून बोटांनी सारा डाव वाचता येतो. बोच्चा हा खेळ तीव्र सेरेब्रल पाल्सी असलेल्यांसाठी १९८४ पासून पॅरालिम्पिकमध्ये आहे. पांढऱ्या चेंडूच्या जास्तीत जास्त जवळ आपले रंगीत चेंडू पोहोचवावयाचे असतात, आणि ज्याचा हात चेंडू फेकू शकत नाही तो उताराच्या पन्हाळीवरून चेंडू सोडतो, परंतु पन्हाळीची दिशा कोणती हे तोच ठरवतो. अशी पन्हाळी जालन्यातील कोणताही सुतार पीव्हीसी पाइप अर्धा चिरून करून देईल. कर्णबधिर मुलांच्या सामन्यात शिट्टीऐवजी पंचाने झेंडा हलविला की पुरते. खर्च येतो तो माणसाच्या वेळेचा. सेरेब्रल पाल्सी असलेल्या दहा मुलांना तासभर खेळवावयाचे तर किमान चार-पाच धडधाकट, शिकविलेले आणि पुढच्या आठवड्यातही येणारे मदतनीस हवेत, आणि मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जात असल्याने हा तास सकाळी लवकर किंवा सावलीतच ठेवावा लागतो.

‘पुढच्या आठवड्यातही येणारे’ या अटीपाशी सेवा क्लबांची रचनाच आड येते. रोटरी आणि लायन्स या दोन्ही संघटनांचे वर्ष १ जुलै ते ३० जून असे असते. दर जुलैत पदग्रहण सोहळा होतो, नवे अध्यक्ष, सचिव आणि कोषाध्यक्ष येतात, आणि प्रांतपालांच्या भेटीच्या वेळी अहवालात दाखविण्यासारखे काही उभे करण्याची घाई साहजिकच असते. मावळत्या अध्यक्षाने सुरू केलेला उपक्रम पुढे चालविण्यात नव्या अध्यक्षाला श्रेय कमी आणि बांधिलकी अधिक असते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया या वर्षाच्या चौकटीत नीट बसते, कारण ती एकदा झाली की झाली. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलीने दोरीवरच्या उड्या शिकणे त्या चौकटीत बसत नाही. शिवाय रोटरीने आपल्या जागतिक प्रतिष्ठानासाठी ठरविलेल्या सात प्राधान्यक्षेत्रांत शांतता, रोगप्रतिबंध, पाणी, माता-बालक आरोग्य, शिक्षण, आर्थिक विकास आणि पर्यावरण आहेत. खेळ किंवा करमणूक हे नाव त्यांत नाही, आणि मोठे अनुदान मागणाऱ्या क्लबाला आपला उपक्रम यांपैकी कुठल्यातरी खणात बसवून दाखवावा लागतो. लायन्सच्या प्राधान्यांत ‘युवक’ हे स्वतंत्र क्षेत्र आहे, त्यामुळे तिथे वाट किंचित रुंद आहे.

जिल्ह्यात सध्या या प्रकारचा सर्वांत दृश्य कार्यक्रम म्हणजे ३ डिसेंबर या जागतिक दिव्यांग दिनाच्या आसपास जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागामार्फत विशेष शाळांसाठी होणाऱ्या क्रीडा स्पर्धा. संयुक्त राष्ट्रांनी १९९२ मध्ये हा दिवस जाहीर केला. निरनिराळ्या तालुक्यांतील मूकबधिर, अंध, अस्थिव्यंग आणि मतिमंद विद्यालये (हे अखेरचे नाव कायद्याने मागे टाकले असले तरी फलकांवर अजून टिकून आहे) एका मैदानावर येतात, धावणे, गोळाफेक, लांबउडी होते, आणि टोप्या, पाण्याच्या बाटल्या, पदके, अल्पोपाहार यांची सोय करण्यासाठी सेवा क्लबांनी पुढे येणे ही महाराष्ट्रातील जिल्ह्याजिल्ह्यांतली रीत आहे. ज्या मुलांचे वर्ष वसतिगृहाच्या भिंतीआड जाते त्यांना या दिवसाची केवढी ओढ असते, हे विशेष शिक्षकांकडून ऐकावे. परंतु वर्षातून एकदा पळणारा मुलगा पळायला शिकत नाही. ३ डिसेंबरचा खर्च ज्यांनी उचलला त्यांनीच ४ डिसेंबरपासूनच्या शनिवारांचा विचार केला, तर तेवढ्याच पैशात कितीतरी अधिक साधेल.

स्पर्धा आणि करमणूक यांत फरक केला पाहिजे, हे येथेच सांगितले पाहिजे. मुरलीकांत पेटकर यांचे उदाहरण आता ‘चंदू चॅम्पियन’ या २०२४ च्या चित्रपटामुळे घरोघरी पोहोचले आहे. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे हे सैनिक १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अपंग झाले, उपचाराचा भाग म्हणून पोहू लागले आणि १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर मुक्तशैलीत ३७.३३ सेकंदांचा विश्वविक्रम करून त्यांनी भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. त्यांच्या जर्मनीवारीच्या खर्चाला क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या स्वयंसेवी संस्थेने हातभार लावला होता. स्वयंसेवी पाठबळ योग्य वेळी मिळाले तर काय घडते, याचा हा पुरावा खराच. पण त्या कथेत पदकाइतकेच महत्त्व पोहण्याच्या तलावाला आहे. तलाव आधी आला, तोही उपचारासाठी, आणि पदक पुष्कळ नंतर. देणगीदारांना पदकाचे आकर्षण असते आणि त्यामुळे ज्या मुलाला कधीही पदक मिळणार नाही त्याचा खेळ निरर्थक ठरविला जाण्याचा धोका असतो. जालन्यातील धुळवडीच्या हत्ती रिसाला मिरवणुकीत सामील होणारा माणूस काही जिंकावे म्हणून जात नाही. गावाच्या आनंदात आपणही असावे, एवढेच त्याला हवे असते. अपंग मुलाची करमणूक याच जातीची आहे, आणि आनंदवनातील अपंग व कुष्ठमुक्त कलावंतांच्या ‘स्वरानंदवन’ वाद्यवृंदाने रंगमंचावर जे साधले त्याचे मर्मही तेच आहे.

क्लबांच्या हातात एक साधन असे आहे की ज्याचा या कामी पुरेसा उपयोग झालेला नाही, आणि ते म्हणजे त्यांच्या युवक शाखा. रोटरीने १९६२ मध्ये १२ ते १८ वर्षे वयाच्या विद्यार्थ्यांसाठी इंटरॅक्ट आणि १९६८ मध्ये तरुणांसाठी रोटरॅक्ट सुरू केले. लायन्सच्या लिओ क्लबांचा आरंभ १९५७ मध्ये पेनसिल्व्हेनियातील एका शाळेत झाला. या शाखांकडे बहुतेक वेळा वृक्षारोपण, रक्तदान फेरी आणि स्वच्छता मोहीम सोपविली जाते. याच मुलांना विशेष शाळेच्या मैदानावर एकत्रित संघाचे सवंगडी म्हणून पाठविता येईल. नववीतील इंटरॅक्ट सभासद आणि विशेष शाळेतील त्याच वयाचा मुलगा दर शनिवारी एका संघातून खेळले, तर अध्यक्ष बदलले तरी ओळख बदलत नाही, कारण ती दोन मुलांची असते. शाळेतील मुलांना त्यासाठी दोन-तीन दिवसांचे प्रशिक्षण लागेल: फिट आल्यास काय करावे, चाकाची खुर्ची उतारावर कशी धरावी, न बोलणाऱ्या मुलाने नकार कसा दर्शविला हे कसे ओळखावे. हे शिकविणारे विशेष शिक्षक आणि फिजिओथेरपिस्ट जिल्ह्यातच आहेत. लातूरजवळ हरंगुळ येथे सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी चालणारा ‘संवेदना’ प्रकल्प आणि छत्रपती संभाजीनगरातील ‘विहंग’ ही विशेष मुलांची शाळा यांच्यामुळे मराठवाड्यात अनुभवाचा साठाही आहे.

यापुढचा प्रश्न वाहनाचा, आणि प्रत्यक्षात तोच बहुधा सगळ्या योजना अडवितो. मंठा, परतूर किंवा भोकरदन या गावांपासून जालना सुमारे ५०-६० किलोमीटर आहे. एसटीच्या भाड्यात दिव्यांगांना ७५ टक्के सवलत असली तरी उंच पायऱ्यांच्या बसमध्ये बारा वर्षांच्या मुलाला उचलून चढविणारी आई त्या सवलतीने हलकी होत नाही, आणि दिवसाची मजुरी बुडते ती निराळीच. त्यामुळे जिल्ह्याच्या ठिकाणी एक आदर्श केंद्र उभारण्याची कल्पना कागदावर कितीही नीटनेटकी दिसली तरी तिचा लाभ शहरालाच मिळेल. तालुक्यात चालणारा छोटा, साधा, पण नियमित गट अधिक उपयुक्त आहे, आणि त्यासाठी एखाद्या क्लबाने इमारतीऐवजी एका वाहनाचा तीन वर्षांचा डिझेल व चालकाचा खर्च उचलणे अधिक शहाणपणाचे ठरेल. ऊसतोडीच्या हंगामात आईवडिलांबरोबर फडावर गेलेले किंवा आजीपाशी मागे राहिलेले अपंग मूल तर कोणत्याच गटाच्या यादीत नसते. हंगामी वसतिगृहांची योजना निरोगी मुलाला गृहीत धरून चालते. वयात आलेल्या अपंग मुलींना पालक मैदानावर पाठवीत नाहीत, त्यामागील भीती अनाठायी नाही, आणि इनरव्हीलसारख्या महिलांच्या क्लबांनी स्वतः हजर राहिल्याशिवाय ती कमी होणार नाही.

पैशाचे मार्ग अनेकांना वाटतात त्याहून अधिक आहेत. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते, आणि या कायद्याच्या सातव्या अनुसूचीत ग्रामीण खेळ व ऑलिम्पिक खेळ यांच्याबरोबर पॅरालिम्पिक खेळांच्या प्रशिक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे. पोलाद आणि बियाणे या उद्योगांचा जिल्हा असल्यामुळे हा मार्ग जालन्यापुरता तरी केवळ पुस्तकी नाही. दुसरा मार्ग स्थानिक स्वराज्य संस्थांचा. ग्रामपंचायत, नगरपालिका आणि जिल्हा परिषद यांनी स्वतःच्या उत्पन्नाच्या पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावी असा महाराष्ट्रात शासनादेश आहे, आणि ती पुष्कळ ठिकाणी वर्षाखेरीस घाईघाईने थेट रकमेच्या किंवा वस्तूंच्या रूपाने वाटली जाते. गावातील व्यायामशाळेला उतार करणे, जालन्यातील मोतीबागेसारख्या सार्वजनिक उद्यानात चाकाची खुर्ची जाईल असा झोपाळा आणि रस्ता करून घेणे, यासाठी हा निधी मागावयास दिव्यांगांच्या संघटनेबरोबर क्लबाचे वजन असले तर मागणी लवकर ऐकली जाते. देणगी देण्यापेक्षा हक्काचा निधी मिळवून देणे हे काम क्लबांना कमी प्रतिष्ठेचे वाटू नये. डिसेंबर २०२२ पासून राज्यात दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग आहे, त्यामुळे अर्ज कोणाकडे करावा हा जुना गोंधळही थोडा कमी झाला आहे.

सर्वांत कमी लक्ष दिले गेलेला वर्ग अठरा वर्षांपुढील तरुणांचा आहे. विशेष शाळा त्या वयाला संपते, वसतिगृह सुटते, मित्र आपापल्या गावी पांगतात, आणि कर्णबधिर किंवा बौद्धिक अक्षमता असलेला तरुण घराच्या ओट्यावर बसून राहतो. भाग्यश्री जाधव या नांदेड जिल्ह्यातील खेळाडू गोळाफेकीकडे वळल्या त्या प्रौढ वयात. टोकियो पॅरालिम्पिकमध्ये त्या खेळल्या आणि २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकच्या उद्घाटन सोहळ्यात भारताच्या ध्वजधारकांपैकी एक होत्या. मराठवाड्यातील एखादी तरुणी तिथवर जाऊ शकते, याचा अर्थ अठरा वर्षांनंतर दार बंद करण्याचे काही कारण नाही. क्लबांना या बाबतीत नवा प्रकल्पही लागणार नाही. रोटरॅक्टमध्ये अठरा वर्षांवरील कोणालाही प्रवेश आहे आणि २०२० पासून तिथली ३० वर्षांची कमाल मर्यादाही काढून टाकण्यात आली आहे. आठवड्याची बैठक, सहल, क्रिकेटचा सामना, वाढदिवस, गप्पा या गोष्टी हे क्लब आपल्या सभासदांसाठी करतच असतात, आणि दिव्यांग तरुणाला हवी असलेली करमणूक नेमकी हीच आहे. त्याला लाभार्थ्यांच्या यादीतून काढून सभासदांच्या यादीत घ्यावयाचे, तर बैठकीची जागा तळमजल्यावर, वर्गणीत सवलत आणि एखादा खुणांची भाषा जाणणारा सभासद एवढी तयारी लागेल. जालन्यासारख्या शहरात ती येत्या जुलैच्या पदग्रहणापूर्वी होऊ शकते.